तोताराम सोनाराचा डावा डोळा

डोळ्याच्या वॉर्डात मी एकवीस वर्षं ड्रेसर होतो. पट्ट्या बांधायच्या, पू पुसायचा, बोळे उकळायचे, आणि ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पेशंटला खाटेवर बसवून उद्या त्याचं काय होणार ते सांगायचं. हे शेवटचं काम डॉक्टर मोघ्यांनी माझ्या गळ्यात घातलं. ते पुण्याचे, पेशंट आमच्या खानदेशचे. त्यांचं बोलणं पेशंटला कळत नसे आणि पेशंटचं बोलणं त्यांना कळलं तरी पटत नसे. म्हणून मधे मी. धुळ्याचं आमचं हॉस्पिटल काही फार मोठं नव्हतं, डोळ्यांच्या अठरा खाटा होत्या, पण खाट रिकामी झाली की तासाभरात भरायची. मोतीबिंदू, खुपऱ्या, फूल पडलेले, काटा लागलेले. सुरुवातीला प्रत्येकाचं दुःख ऐकताना माझ्या पोटात तुटायचं. पुढे तुटेनासं झालं. रोज मरे त्याला कोण रडे, तशातली गत. माझं सांगणंही पाठ झालं. तोंड बोलत असायचं आणि मी मनात घरी जाऊन पाय पसरायचो.

तोताराम सोनार आला तो अडतीस सालच्या माघात. मी सकाळी ओसरीवरची रांग लावत होतो. भिंतीला टेकून एक सडपातळ माणूस बसला होता. पन्नाशीचा असेल. उपरण्याचं टोक डाव्या डोळ्याला लावलेलं, ते टोक ओलंचिंब, आणि गालावर पाण्याचा ओघळ. शेजारी त्याची बायको मान खाली घालून बसलेली. मला वाटलं, आतल्या वॉर्डात यांचं कोणी गेलं.

मी जवळ गेलो आणि हळू आवाजात विचारलं, "कोण वारलं हो?"

"कोनीच नही, भाऊ," तो म्हणाला. "डोयाच तसा शे."

माझा चेहरा पडला. त्याची बायको यशोदाबाई मात्र हसली. म्हणाली, "बठ्ठा लोके असंच इचारतस."

तोताराम पिंपळनेरचा. साक्रीच्याही पलीकडचं, डोंगराच्या पायथ्याचं गाव. त्याच्या आजाने तिथे दुकान घातलं होतं, बापाने चालवलं, आणि तोतारामने चांगलं नावारूपाला आणलं होतं. हात फार साफ, असं पुढे त्याच्या गावच्या दोघातिघांकडून मी ऐकलं. डाख देऊन सोन्याला सोनं जोडलं तर जोड कुठे आहे ते नखाला लागत नसे. सहा वर्षांपूर्वी डावा डोळा गळायला लागला. आधी वाऱ्याने, धुराने गळायचा, मग बसल्याजागी गळायला लागला. गावातल्या सगळ्यांनी सगळं करून पाहिलं. मध घातला, कांद्याचा रस घातला, कोणी कानशिलावर डाग दिला. डोळ्याने कोणाचंच ऐकलं नाही.

डोळा गळतो म्हणून कोणी मरत नाही. पण सोनाराचं तसं नाही. एका सुखवस्तू घरची बाई मुलीच्या मंगळपोतीच्या वाट्या घडवायला दुकानात बसली होती. सोनाराच्या हाती दिलेलं सोनं डोळ्याआड होऊ द्यायचं नाही, समोर बसून घडवून घ्यायचं, ही बायकांची जुनी रीत. तोताराम वाकून पत्रा ठोकत होता. डोळ्यातून थेंब पडला तो नेमका त्या पत्र्यावर. बाई उठली, सोनं उचलून पदरात बांधलं आणि म्हणाली, "मन्या पोरना सोनावर रडस का रे?"

त्या दिवसापासून लग्नाचं काम तुटलं. लोक बोलायला गोड, रामराम करायचे, पण पोत, डोरलं, जोडवी घडवायला पुढच्या गावी जायचे. तोतारामकडे एकच काम येत राहिलं. मयताच्या तोंडात घालायचा सोन्याचा कण. माणूस शेवटच्या घटका मोजायला लागला की घरचा कोणीतरी धावत यायचा, तोताराम कण कापून द्यायचा. त्या कामाला रडता डोळा चालतो. चालतो कसला, शोभतो.

हे सांगताना तो कुरकुरत नव्हता. "धंदा बरा चालस," म्हणाला. "लोके मरतसच ना."

मग इतक्या वर्षांनी धुळ्याची वाट का धरली? कारण त्याची मुलगी. भिकुबाई, एकुलती एक. दोन पोरं गेल्यावर देवाकडे भीक मागून झालेली, म्हणून तसं नाव. तिचं साक्रीच्या एका सोनाराच्या मुलाशी जमलं होतं. घर चांगलं, पोरगा हाताचा बरा. लग्न आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला धरलं होतं. आता मंगळपोतीला दोन वाट्या असतात, एक सासरची आणि एक माहेरची. सोनाराच्या घरात माहेरची वाटी बापाने स्वतः घडवायची असते. ती दुसऱ्या सोनाराकडून आणली तर साऱ्या जातभाईंत नाक कापलं जातं. मुलाची आई कौतिकबाई मोठी खमकी. तिने बैठकीतच सांगितलं की वाटी बापाच्याच हातची पाहिजे, पण रडत्या डोळ्याने घडवलेलं सोनं माझ्या सुनेच्या गळ्यात नको. डोळा कोरडा करा, मग वाटी घडवा. दोन्हीतलं एकही सोडायला ती तयार नव्हती, आणि तोतारामलाही त्यात तिचं काही चुकलं असं वाटत नव्हतं.

"तिनं बी खरं शे," तो मला म्हणाला. "मी बी मन्या सूनसाठी असंच म्हनं असतं."

डॉक्टर मोघ्यांनी त्याला खिडकीशी बसवलं आणि नाकाच्या मुळाशी, डोळ्याच्या कोपऱ्याखाली अंगठा दाबला. कोपऱ्यातून पिवळा पू वर आला. यशोदाबाईने तोंड फिरवलं. डॉक्टरांनी सांगितलं ते मी त्यांना उलगडून सांगितलं. डोळ्यातलं पाणी कोपऱ्यातल्या दोन बारीक छिद्रांमधून एका छोट्या पिशवीत जातं, आणि तिथून नळीने नाकात उतरतं. म्हणून माणूस रडला की नाक वाहतं. तुमची नळी बुजली. पाणी जाणार कुठे? ते गालावर येतं, आणि पिशवीत साठलेलं सडतं. या पुवाजवळ डोळ्याला नुसतं खरचटलं तरी बुबुळ जाईल, आणि तुमचा धंदा तर ठिणग्यांचा.

यावर दोन उपाय. जुना म्हणजे पिशवीच काढून टाकायची. अर्ध्या तासाचं काम, खात्रीचं. पू कायमचा जातो, पण डोळा जन्मभर पाणावलेला राहतो. दुसरा उपाय नवा. पिशवी आणि नाक यांच्यामधे जे पातळ हाड असतं त्याला भोक पाडून पिशवीची वाट सरळ नाकात काढून द्यायची. पाणी थांबतं. पण रक्त जास्त, वेळ जास्त, आणि भोक पुन्हा बुजायची भीती. डॉक्टर ते मुंबईत शिकून आले होते आणि धुळ्यात तोवर त्यांनी चारच केले होते. चारातले तीन साधले होते, हेही त्यांनी लपवलं नाही.

"पहिला केलेला बरा," डॉक्टर म्हणाले.

तोतारामने विचारही केला नाही. "पानी थांबाले जोयजे, साहेब. दुसरा."

लगेच काही ऑपरेशन झालं नाही. सात दिवसांतच पिशवी फुगून गाल लाल झाला, ताप भरला. शेक, पोटिस, चिरून पू काढणं यात फाल्गुन गेला. तो बिचारा दर दिवशी खाटेवर बसून बोटांवर तिथी मोजायचा. अखेर चैत्र लागल्यावर सूज पूर्ण उतरली आणि डॉक्टरांनी दिवस ठरवला.

आदल्या दिवशी मी त्याच्यापुढे माझं पाठ झालेलं म्हणायला बसलो. उद्या सकाळी उपाशीपोटी न्यायचं. नाकात औषधाचा बोळा ठेवणार, तो कडू लागेल, घसा बधिर होईल, गिळता येत नाही असं वाटेल, घाबरायचं नाही. मग डोळ्याच्या कोपऱ्यात सुई. तेवढीच दुखेल. तुम्ही जागे असाल. दुखणार नाही, पण ऐकू येईल. हाडावर छिन्नी चालते तेव्हा डोक्यात कोणी दार ठोकतंय असं वाटतं. रक्त घशात उतरेल, ते गिळू नका, थुंका. नंतर डोळ्यावर पट्टी, नाकात कपड्याची वात. रात्री डोकं उंच ठेवून निजायचं. दुसऱ्या दिवशी गाल काळानिळा होईल, आरशात बघू नका. परसाकडे काळं झालं तरी भिऊ नका, ते गिळलेलं रक्त. सातव्या दिवशी टाके.

इतर पेशंट हे ऐकून एकतर रडायचे नाहीतर देवाचं नाव घ्यायचे. तोतारामने मान तिरकी करून विचारलं, "भोक कितलं?"

"हरभऱ्याच्या डाळीएवढं."

"छिन्नी लागी का कानस?"

"छिन्नी. वर लाकडी हातोडी."

"आनि जोड? डाख कसाना देतस?"

मी म्हणालो की पिशवीचं कातडं नाकाच्या कातड्याला लागून आपोआप भरून येतं. हे त्याला मुळीच पटलं नाही. डाखाशिवाय जोड टिकत नाही, असं त्याचं म्हणणं. सोनारानेच कान टोचावे म्हणतात. इथे सोनाराचंच नाक टोचायचं होतं, आणि तो टोचणाऱ्याला चार गोष्टी सुनावायला बसला होता. त्या दिवशी कितीतरी दिवसांनी मी वॉर्डात हसलो.

ऑपरेशनच्या वेळी त्याचं डोकं मी धरलं होतं. सव्वा तास लागला. रक्त पुष्कळ गेलं, माझा एक हात रक्त धरायच्या चिलमचीला आणि एक त्याच्या कपाळावर. डॉक्टरांनी छिन्नी लावून हातोडीचा ठोका दिला, तसं त्याचं सारं अंग ताठ झालं. चौथ्या-पाचव्या ठोक्याला तो कापडाखालून काहीतरी पुटपुटला.

"काय म्हणतो?" डॉक्टरांनी विचारलं.

तो म्हणाला होता, "हातोडी जड शे यासनी." मी डॉक्टरांना सांगितलं की देवाचं नाव घेतोय.

पुढचे दोन दिवस वाईट गेले. डोळा सुजून मिटला, नाकाने श्वास घेता येईना, वातीच्या वासाने त्याला अन्न जाईना. यशोदाबाई पेजेची वाटी घेऊन तास तास बसून असायची. तिसऱ्या दिवशी वात काढली. पाचव्या दिवशी डॉक्टरांनी डोळ्याच्या कोपऱ्यातल्या छिद्रात बोथट सुई घालून मिठाचं पाणी सोडलं. वाट मोकळी असेल तर ते घशात उतरतं. नसेल तर आलं तसं डोळ्यातूनच परत येतं. आम्ही तिघं त्याच्या तोंडाकडे बघत होतो.

त्याने गिळलं. थांबला. मग म्हणाला, "खारं लागनं."

यशोदाबाईने विचारलं, "काय लागनं?"

"खारं! खारं लागनं वं!"

त्या माणसाला मी तेवढा एकदाच मोठ्याने बोलताना ऐकलं. डॉक्टरसुद्धा खूष होऊन दोन वेळा 'छान, छान' म्हणाले. टाके निघाले तेव्हा डोळा खरोखर कोरडा होता. तोताराम सारखा हाताची मागची बाजू गालावर फिरवून बघायचा. सहा वर्षांची सवय, हात आपोआप उपरण्याकडे जायचा आणि मधेच थांबायचा.

दहाव्या दिवशी, चैत्री पुनवेच्या आदल्या सकाळी, त्याला घरी सोडलं. त्या दिवशीचं मला नीट सांगायला हवं.

त्या सकाळी मी सहा जणांना सोडलं. रात्रभर एका काचबिंदूवाल्या म्हाताऱ्याने झोपू दिलं नव्हतं, पाय सुजले होते, आणि ओसरीवर नव्यांची रांग लागलीच होती. घरी जाणाऱ्यांना ओळीने बसवून मी एकेकाला पथ्यं सांगत होतो. तोतारामच्या आधी बेबाबाई नावाची एक म्हातारी होती, तिचंही नाकाजवळचंच दुखणं. तिला मी बजावलं की सहा आठवडे चुलीपुढे फुंकणी हातात घ्यायची नाही, फुंकर मारली की वारा आतल्या जखमेत घुसतो, फुंकायचं काम सुनेला सांगा. मग तोताराम पुढे आला. त्याला मी पुरुषाचं पथ्य सांगितलं. नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडून शिंकायचं. तपकीर बंद. ओझं उचलायचं नाही. चुलीचं सांगितलं नाही. पुरुष कुठे चूल फुंकतो? गेल्या कित्येक वर्षांत एकाही पुरुषाला सांगितलं नव्हतं.

आणि मला माहीत होतं की हा सोनार आहे. सोनार दिव्याच्या ज्योतीपुढे बंकनाळ धरतो आणि गाल फुगवून तिच्यात फुंकत राहतो, तेव्हा कुठे डाख वितळतो. लहानपणी मी आमच्या गल्लीतल्या सोनाराच्या ओट्यावर बसून तासन् तास ते बघितलं होतं. त्या सकाळी माझ्या ते डोक्यातच आलं नाही.

त्याने विचारलं, "भाऊ, बसीसन धंदा करू ना मी?"

मी पुढच्या पेशंटची पट्टी सोडत होतो. वर न बघता म्हणालो, "बसून करायचा धंदा. करा की."

तो रामराम करून सर्व्हिस मोटारीकडे गेला.

घरी गेल्यापासून बाराव्या दिवशी तो परत आला. मला आधी ओळखूच आला नाही. चेहऱ्याची डावी बाजू कपाळापासून ओठापर्यंत सुजलेली, दोन्ही डोळे मिटलेले, यशोदाबाईने हात धरून आणलेला. मी गालाला बोट लावलं तर कातडीखाली करकर वाजलं. वारा भरला होता. डॉक्टरांनी सिरिंज लावली. मिठाचं पाणी घशात उतरलं नाही, पुवासकट डोळ्यातून बाहेर आलं. केलेली वाट बुजली होती.

"काय केलंत तुम्ही?" डॉक्टर ओरडले.

"बंकनाळ फुकी," तोताराम म्हणाला.

डॉक्टरांना मी बंकनाळ म्हणजे काय ते सांगितलं. त्यांचा चेहरा लाल झाला. "फुंकायला कोणी सांगितलं याला? कोणी परवानगी दिली?"

तोतारामचा उजवा डोळा फटीएवढा उघडला होता, तो त्याने माझ्याकडे वळवला आणि म्हणाला, "कोनी नही, साहेब. मनी मीच फुकी."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. दोन शब्दांचं काम होतं. मी चिलमची उचलली आणि बाहेर गेलो. त्याची मला आजही लाज वाटते.

सहा दिवस रात्रंदिवस शेकून सूज निम्मी उतरली. आखाजी दोन दिवसांवर आली. डॉक्टर त्याला सोडायला तयार नव्हते, पण पोरीचं लग्न म्हटल्यावर तेही काय करणार? शेवटी मला म्हणाले, "दिवसातून दोनदा पट्टी बदलावी लागेल. वना, तूच जा याच्याबरोबर." मी नको म्हणू शकलो असतो. म्हणालो नाही.

अशा रीतीने पट्ट्यांची पेटी घेऊन मी पिंपळनेरच्या लग्नाला गेलो. दारापुढे लहानसा मांडव, पाहुण्यांत निम्मे सोनार. भिकुबाई बापासारखीच सडपातळ, स्वभावाने अबोल. बापाची पट्टी मी बांधत असताना ती हळदीच्या अंगाने येऊन दाराशी उभी राहायची आणि काही न विचारता निघून जायची.

लग्नाच्या सकाळी पोत ओवायला बायका बसल्या. कौतिकबाईने आपली वाटी ताटात ठेवली आणि माहेरची मागितली. यशोदाबाईने कापसातून काढून दिली. छोटी, खोल, काठाला बारीक गोफ. कौतिकबाई सोनाराची बायको, तिने वाटी उलटी केली, जोडावरून नख फिरवलं, उजेडाकडे धरली. तिला खोट सापडली नाही. मग तिने मान वर करून तोतारामच्या बांधलेल्या तोंडाकडे बघितलं.

"डोया त बांधेल शे तुमना, व्याहीदादा," ती म्हणाली. "ही कव्हय घडी? रडता डोयानी का?"

कोणाच्या तरी हातातली पोत तशीच राहिली. तोतारामने बोलून तरी कोण विश्वास ठेवणार होतं? यशोदाबाईने माझ्याकडे बघितलं, तशी कौतिकबाईही माझ्याकडे वळली.

"तुम्ही दवाखानाना ना? तुम्ही सांगा."

मी उभा राहिलो. आयुष्यात इतक्या लोकांसमोर मी कधी बोललो नव्हतो. म्हणालो, "चैत्री पुनवेच्या आदल्या दिवशी यांना मी माझ्या हाताने घरी सोडलं. तेव्हा डोळा कोरडा ठणठणीत होता. टाके निघाल्यापासून मी रोज बघितला होता, थेंब नव्हता. ही सूज नंतरची."

"आनि वाटी?" तिने यशोदाबाईला विचारलं.

"दवाखानामाईन घर वनात ना, त्याना दुसराच दिन घडाले बसनात," यशोदाबाई म्हणाली. "आठ दिनमा घडी. तवपावत एक थेंब बी नही गया. मी समोर बशेल व्हतू."

कौतिकबाईने आणखी एकदा वाटी उजेडाकडे धरली. मग ताटात ठेवली, दोरा ओला केला आणि दोन्ही वाट्या शेजारी शेजारी ओवल्या. बायकांचं बोलणं पुन्हा सुरू झालं. तोताराम उठून गोठ्याकडे गेला.

दुपारी लग्न लागलं, उन्हं कलल्यावर वरातीच्या गाड्या साक्रीकडे निघाल्या. धूळ बसली, पाहुणे पांगले, मांडवात उष्ट्या पत्रावळी तेवढ्या राहिल्या. मी ओट्यावर पेटी उघडून तोतारामची संध्याकाळची पट्टी सोडायला घेतली. सूज बरीच उतरली होती आणि डोळा पूर्वीसारखाच गळत होता. मला राहवेना.

म्हटलं, "तोतारामभाऊ, चूक माझी होती. बंकनाळ फुंकू नका असं मी सांगायला हवं होतं. तुम्ही विचारलंत आणि मी करा म्हणालो. डॉक्टरांपुढे तुम्ही मला वाचवलंत, मी गप्प बसलो."

त्याने उपरण्याचं टोक डोळ्याला लावलं. मग म्हणाला, "माले माहीत व्हतं."

"काय?"

"फुकानं नही ते. त्या बेबाबाईले तुम्ही सांगं, ते मी आयकं ना. वारा मझार जास. चूल काय नि बंकनाळ काय."

मी बोळा खाली ठेवला. "मग फुंकलीत कशाला?"

"डोया कोरडा व्हता, भाऊ. सहा हप्ता थांबतू तर आखाजी गयी असती. फुकामुळे बिघडी, हाई माहीत व्हतं. पन बिघडाले चार-आठ दिन लागतीन, असं वाटनं. तितलामा वाटी व्हई जाई." तो सरळ माझ्याकडे बघत होता. "व्हयनी."

मला इतका संताप आला की दवाखान्यातली साहेबी भाषा कुठल्या कुठे गेली. "आरे येडा, डोया जाता ना तुना! आते पिशवीच काढनी पडी. जलमभर पानी वाही. लगीननं काम परत कधीच येवाव नही, समजस का?"

"समजस," तो म्हणाला. "मनी आखो दुसरी कोठे पोर शे, वाटी घडाले?"

मी डोळा धुतला, कोपरा दाबून पू काढला, नवा बोळा ठेवला. पट्टीचे दोन वेढे दिले तेव्हा माझ्या मनात एक प्रश्न आला. त्याला सगळं कळत होतं, तर त्या सकाळी त्याने मला विचारलंच कशाला? घरी जाऊन गुपचूप फुंकली असती तर कोण अडवणार होतं? मी तसं विचारलं.

"डॉक्टरनी 'नही' म्हनं असतं तर मना हात नही उठता," तो म्हणाला. "घडताना हात कापता. कोनी तरी 'करा' म्हनाले जोयजे व्हतं. म्हनीसन तुमले इचारं. तुम्ही त्या दिनले भलता थकेल व्हतात, भाऊ. थकेल मानूस 'हा' म्हनी टाकस."

तो हे रागाने म्हणाला नाही, उलट उपकार मानल्यासारखं म्हणाला. मी पट्टीची गाठ मारली आणि पेटी बंद केली. एकवीस वर्षांत किती जणांनी मला असं थकलेलं बघून विचारलं असेल, आणि मी वर न बघता किती जणांना 'हो' म्हणून टाकलं असेल, ते मला अजून आठवायची हिंमत होत नाही.